तारीख तुमची, अर्ज कंपनीचा

मडगावात जन्मलेल्या एखाद्यानं पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला, पुढे तो अमेरिकेत नोकरीला लागला आणि तिथं ग्रीन कार्डाचा अर्ज केला, तर त्याची गणना पोर्तुगीजांत होत नाही. तो भारताच्या रांगेत. नागपुरात जन्मून नंतर कॅनडाचा नागरिक झालेलाही भारताच्याच रांगेत. उलट रत्नागिरीच्या आईवडिलांचा मुलगा कुवेतच्या दवाखान्यात झाला असेल, तर खिशात भारतीय पासपोर्ट असूनही तो कुवेतच्या खात्यावर मोजला जातो आणि त्याचा नंबर कितीतरी आधी लागतो. कुटुंब परत आल्यावर चिपळूणला झालेला त्याचा धाकटा भाऊ त्याच कंपनीत तेच काम करत असला, तरी दहा-बारा वर्षं मागे राहू शकतो. कायदा जन्मस्थान बघतो, नागरिकत्व नाही. यातून बहुतेकांसाठी एकच वाट निघते, ती लग्नाची. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेतून जाता येतं. मस्कतला जन्मलेली बायको म्हणजे सोलापूरला जन्मलेल्या नवऱ्याची लॉटरीच. पत्रिकेतल्या जन्मस्थळाचा इतका रोकडा उपयोग दुसरीकडे कुठं होत नसेल.

तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या भारतीयानं कायमचं राहण्यासाठी कोणता रस्ता धरावा, याचा विचार इथून सुरू करावा लागतो. कारण बाकी बहुतेक जगासाठी जो प्रश्न काही वर्षांचा आहे, तो आपल्यासाठी पिढीचा आहे.

१९९० च्या कायद्यानं नोकरीच्या आधारे वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली. त्यांचे पाच वर्ग केले, ईबी-१ ते ईबी-५. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, ही अटही आहेच. ईबी-२, म्हणजे मास्टर्स किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांचा वर्ग. त्याच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४०,००० कार्डं येतात. त्याचे ७ टक्के म्हणजे भारताला सुमारे २,८००. त्यात बायको आणि मुलंही मोजायची. एका अभियंत्याचं चौघांचं कुटुंब चार कार्डं घेऊन जातं, म्हणजे खरे अर्जदार हजाराच्याही आत येतात. दुसऱ्या देशांची न वापरलेली कार्डं कधीकधी भारताकडे वळतात आणि एखाद्या वर्षी रांग झपाट्यानं सरकते, पण त्यावर बेत आखता येत नाही. आता याच्या शेजारी एच-१बी ठेवून बघा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा. इथं देशाची मर्यादा नाही. मंजूर होणाऱ्या अर्जांत भारतीयांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. आत घेताना जन्मगाव विचारायचं नाही आणि कायमचं ठेवताना विचारायचं, या एका विसंगतीतून ही सगळी रांग तयार झाली आहे. ती दूर करणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं होतं. पुढच्या वर्षी सिनेटनं आपलं वेगळं रूप संमत केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळलं.

रांग किती लांब आहे ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. सप्टेंबर २०२५ च्या बुलेटिनात भारतासाठी ईबी-२ ची तारीख होती १ जानेवारी २०१३, ईबी-३ ची २२ मे २०१३ आणि ईबी-१ ची १५ फेब्रुवारी २०२२. म्हणजे २०१२ सालच्या डिसेंबरात ज्याचं नाव रांगेत लागलं, त्याचा नंबर ईबी-२ मध्ये तेव्हा आला. ही तारीख पुढेच जाते असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. ऑक्टोबरात ती १ एप्रिल २०१२ वर मागे गेली. एका रात्रीत दोन वर्षं आठ महिने.

नाव रांगेत लागण्याच्या या दिवसाला प्रायोरिटी डेट म्हणतात. न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवात दोन मराठी माणसं भेटली की मुलं कितवीत आहेत याच्या आधी ‘तुमची डेट काय?’ हे विचारलं जातं, आणि त्यात काही अतिशयोक्ती नाही.

रस्ता निवडताना लोक बहुतेक वेळा ‘कोणत्या व्हिसानं लवकर मिळतं?’ असं विचारतात. माझ्या मते विचारायचे प्रश्न दोन आहेत. कोणत्या दाराची रांग? आणि अर्ज कोणाच्या हातात? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा माणूस विमानात बसायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी टीम लीड आहे. हाताखाली आठ जण. कंपनी तिला अमेरिकेतल्या स्वतःच्या कार्यालयात पाठवते. त्यासाठी एल-१ हा व्हिसा आहे. त्याला लॉटरी नाही, वर्षभराची जागांची मर्यादा नाही, जोडीदाराला तिथं पोचताच नोकरी करता येते. पण एल-१ चे दोन प्रकार आहेत. व्यवस्थापक म्हणून गेलं तर एल-१ए, त्याची कमाल मुदत सात वर्षं. विशेष ज्ञान असलेली कर्मचारी म्हणून गेलं तर एल-१बी, मुदत पाच वर्षं. एचआरला एल-१बी सोपा वाटतो, कारण व्यवस्थापकपद सिद्ध करायला कागद जास्त लागतात. मग ती एल-१बी वर जाते, तिथं दोन वर्षांत मॅनेजर होते आणि आता ईबी-१ मधून अर्ज करू म्हणते. ईबी-१ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी एक उपवर्ग आहे, त्याला ईबी-१सी म्हणतात. पण त्याची अट अशी, की अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष परदेशातल्या कार्यालयात व्यवस्थापक म्हणून काम केलेलं असावं. पुण्यात ती कागदोपत्री ‘विशेष ज्ञान असलेली’ होती. अमेरिकेतली बढती कामाची नाही. एका व्हिसा अर्जातल्या चौकोनावरच्या खुणेनं २०२२ आणि २०१३ या दोन तारखांमधलं अंतर पडलं.

यावरचा उपाय लोक करतात, तो असा. भारतात परत यायचं, इथं वर्षभर खरोखर मॅनेजर म्हणून काम करायचं आणि मग एल-१ए वर पुन्हा जायचं. मुलांची शाळा, तिथलं भाड्याचं घर, गाडीचे हप्ते हे सगळं मोडून. तरी ज्यांना जमतं त्यांनी करावं असंच मी म्हणेन, कारण इतक्या कमी किमतीत एवढी वर्षं दुसऱ्या कोणत्याही मार्गानं वाचत नाहीत. एल-१ चा मोठा दोष मात्र लक्षात ठेवायला हवा. या व्हिसावर कंपनी बदलता येत नाही, आणि पाच किंवा सात वर्षं संपली की संपली.

एच-१बी चं उलटं आहे. मिळायला अवघड. मार्च २०२३ च्या लॉटरीत साडेसात लाखांहून जास्त नोंदण्या आल्या होत्या. पण एकदा मिळाला की नोकरी बदलता येते. तीन आणि तीन अशी सहा वर्षं, आणि त्यानंतरही राहता येतं. ही शेवटची सवलत २००० सालच्या एका कायद्यानं दिली. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला पहिला किंवा दुसरा अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्षाची मुदतवाढ, आणि दुसरा अर्ज मंजूर असून फक्त रांगेमुळे थांबावं लागत असेल तर तीन-तीन वर्षांची. आज लाखो भारतीय अमेरिकेत ‘तात्पुरत्या’ व्हिसावर पंधरा-पंधरा वर्षं राहताहेत ते या कलमावर.

आता ते अर्ज. पहिल्याला पर्म म्हणतात. ही पद्धत मार्च २००५ मध्ये सुरू झाली. या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीनं श्रम खात्याला दाखवायचं असतं. त्यासाठी आधी त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घ्यायचा. मग स्थानिक वर्तमानपत्रात दोन वेगवेगळ्या रविवारी जाहिरात, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवस जागेची नोंद, शिवाय संकेतस्थळ, नोकरी मेळावा, महाविद्यालयातली भरती अशांपैकी तीन गोष्टी. कार्यालयात दिसेल अशा ठिकाणी दहा कामाचे दिवस एक सूचनाही लावायची. ती बहुधा पँट्रीत किंवा कॉफी मशीनजवळच्या फळ्यावर असते. तिच्यावर पदाचं नाव, कामाचं स्वरूप आणि पगाराचा आकडा असतो. अर्जदाराचं नाव नसतं, पण ‘सीनियर डेटाबेस इंजिनिअर’ त्या मजल्यावर एकच असतो. सगळे कॉफी घेता घेता त्याचा पगार वाचतात. आणि ज्याच्या जागेसाठी हे चाललंय त्याला आलेल्या उमेदवारांच्या मुलाखतीत भाग घेता येत नाही. तो शेजारच्या टेबलावर बसून ‘आपल्याइतका लायक कोणी न येवो’ म्हणत राहतो.

पर्मचा सगळा खर्च कंपनीनंच करायचा, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करणं २००७ पासून नियमबाह्य आहे. तरी काही कन्सल्टन्सी ‘फाईल करतो, पण फी तुमच्याकडून’ असं सांगतात. असं ऐकलं की तिथून उठावं. ज्या कंपनीला इथं नियम मोडायला काही वाटत नाही, ती पगाराच्या पावत्यांत काय करत असेल याचा भरवसा नाही, आणि पुढं चौकशी झाली तर अडकतो तो अर्जदार.

पर्म दाखल झाला तो दिवस म्हणजे प्रायोरिटी डेट. त्यानंतर दुसरा अर्ज, आय-१४०, आणि तारीख आली की शेवटचा, आय-४८५. पगार ठरवण्यापासून पर्म मंजूर होईपर्यंत हल्ली दीड-दोन वर्षं सहज जातात. म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराच्या आधी ‘तुम्ही पर्म कधी सुरू करता?’ हे विचारावं. काही कंपन्या पहिल्या दिवसापासून करतात, काही वर्षभर थांबवतात, काही ‘परफॉर्मन्स बघून’ म्हणतात. कपातीच्या काळात तर सगळंच थांबतं, कारण त्याच प्रकारच्या पदावरून गेल्या सहा महिन्यांत माणसं काढली असतील तर कंपनीला आधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. २०२३ मध्ये कितीतरी मोठ्या कंपन्यांनी पर्म बंद ठेवले ते यामुळे. दहा हजार डॉलर जास्त देणारी पण वर्षभरानं फाईल करणारी कंपनी भारतीयाला महागच पडते. वर्ष म्हणजे वर्षच असतं असं नाही; रांगेच्या मागच्या टोकाला एका वर्षात इतकी माणसं उभी असतात, की ती सरायला कितीतरी जास्त काळ लागतो.

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी इथं एक खास खाचखळगा आहे. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. बी.एस्सी. कॉम्प्युटर करून थेट नोकरीला लागलेल्याला दहा वर्षांचा अनुभव असूनही ईबी-२ मिळणं अवघड जातं. त्यावर एम.सी.ए. केलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ज्या कंपनीतून अर्ज करायचा तिथंच मिळवलेला अनुभव सहसा मोजत नाहीत, आधीच्या कंपन्यांचा मोजतात. त्यासाठी नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही, काय काम केलं ते सविस्तर लिहिलेलं पत्र लागतं. आपल्याकडच्या एचआरला असं पत्र द्यायची सवय नाही. नोकरी सोडतानाच ते मागून घ्यावं. दहा वर्षांनी ती कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतलेली असते.

ईबी-२ की ईबी-३ (पदवीधर आणि कुशल कामगारांचा वर्ग), यात प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये आय-४८५ भरण्याची तारीख ईबी-३ मध्ये १ जानेवारी २०१५ झाली आणि ईबी-२ मध्ये ती १५ मे २०११ होती. ‘खालचा’ वर्ग पुढं गेला. ज्यांनी तेव्हा मान खाली घालून ईबी-३ मध्ये दुसरा आय-१४० टाकला ते सुटले. तारीख तीच राहते, वर्ग तेवढा बदलतो.

आणि आता या प्रकरणाच्या नावाकडे. पर्म आणि आय-१४० हे कंपनीचे अर्ज आहेत. कंपनी बदलली की ते नव्यानं करावे लागतात. पण आय-१४० एकदा मंजूर झाला की त्याची तारीख अर्जदाराची. मंजुरीला १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीनं रागानं अर्ज मागे घेतला तरी ती तारीख जात नाही आणि मुदतवाढीचा आधारही जात नाही. म्हणून त्या सहा महिन्यांच्या आत राजीनामा देऊ नये, कितीही चांगली ऑफर आली तरी. आय-१४० च्या मंजुरीची प्रत कंपनी अनेकदा देत नाही. निदान पावती क्रमांक तरी लिहून ठेवावा. एच-१बी धारकाचा जोडीदार म्हणून एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला नोकरीचा परवाना मिळतो तोही मे २०१५ पासून, आणि तोही सहसा हा आय-१४० मंजूर झाल्यावर. एम.डी. झालेल्या, सी.ए. झालेल्या बायका पाच-सहा वर्षं घरी बसल्या त्याचं कारण हे. एल-१ आणि एच-१बी मधून निवड करताना हा हिशेब घरातल्या दोघांनी बसून करायला हवा. बहुतेक घरांत तो एकटा नवरा करतो.

रांगेत असणं आणि शेवटचा आय-४८५ भरून रांगेत असणं यात किती फरक आहे, ते जुलै २००७ मध्ये दिसलं. त्या महिन्याच्या बुलेटिनात जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा अचानक खुल्या झाल्या. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, भारतात सुटीला आलेल्या बायकांना तातडीची तिकिटं काढून बोलावलं, वकिलांनी रात्री जागवल्या. २ जुलैला सरकारनं सांगितलं, की यंदाची कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. चिडलेल्या लोकांनी दगड मारले नाहीत. आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता, त्यातल्या गांधीगिरीसारखी त्यांनी फुलं पाठवली. १० जुलैला नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेचे संचालक एमिलियो गोन्झालेझ यांच्या वॉशिंग्टनमधल्या कार्यालयात पुष्पगुच्छांचे ढीग पोचले. त्यांनी ती फुलं लष्करी रुग्णालयांतल्या जखमी सैनिकांकडे पाठवायला सांगितली. १७ जुलैला सरकार नमलं आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. त्या महिन्यात आय-४८५ भरलेल्यांपैकी अनेकांना ग्रीन कार्ड पुढं कितीतरी वर्षांनी मिळालं. पण त्यांना कुठंही काम करण्याचा परवाना आणि प्रवासाची मुभा लगेच मिळाली, १८० दिवसांनंतर त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलता आली, आणि नोकरी गेली की ६० दिवसांत देश सोडा ही आजची टांगती तलवार त्यांच्यावर नव्हती.

कंपनीशिवायचे रस्तेही आहेत. त्यांची जाहिरात हल्ली फार होते. ईबी-१ए हा असाधारण गुणवत्तेचा वर्ग, अर्ज स्वतः करायचा, दहापैकी किमान तीन निकष पुरे करायचे. संशोधक, कलावंत, नाव कमावलेले अभियंते यांच्यासाठी तो खरोखर उत्तम. पण त्यासाठी पैसे देऊन पुरस्कार, पैसे देऊन परीक्षकपद, पैसे देऊन लेख असा एक बाजार उभा राहिला आहे आणि अधिकाऱ्यांना तो माहीत आहे. दुसरा रस्ता राष्ट्रीय हिताच्या सवलतीचा, त्याला एनआयडब्ल्यू म्हणतात. त्यात पर्म लागत नाही. जाहिरातीत ‘दोन वर्षांत ग्रीन कार्ड’ म्हणतात ते छोटी रांग असलेल्या देशात जन्मलेल्या माणसाला लागू पडेल. भारतात जन्मलेल्याला सवलत अर्जातून मिळते, रांगेतून नाही. तो शेवटी ईबी-२ मध्येच उभा राहतो. फायदा एवढाच, की तारीख आणि अर्ज दोन्ही स्वतःच्या नावावर राहतात. तिसरा पैशांचा, ईबी-५. मार्च २०२२ पासून ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर गुंतवायचे आणि दहा नोकऱ्या निर्माण करायच्या. भारतातून पैसे न्यायचे तर रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर.

ज्यांची मुलं मोठी होत आली आहेत त्यांनी हे सगळं वेगळ्या घड्याळावर बघावं. मूल २१ चं झालं की ते आश्रित राहत नाही. आय-१४० प्रलंबित होता तेवढे दिवस वयातून वजा करायची सोय २००२ च्या कायद्यात आहे, पण बारा वर्षांच्या रांगेपुढं ती फार पुरत नाही. तीन वर्षांचं असताना आलेलं मूल एकविसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी बनतं. ज्यांना हे स्पष्ट दिसतंय त्यांनी दुसरा देश बघावा, असं माझं मत आहे, आणि मूल चौदाचं व्हायच्या आत बघावं. कॅनडात गुणांवर काम चालतं, अर्ज स्वतःचा असतो, जन्मस्थान विचारत नाहीत. वयाचे गुण मात्र तिशीपासून दरवर्षी कमी होतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. जुलै २०२३ मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-१बी धारकांसाठी १०,००० खुले परवाने काढले, ते दोन दिवसांच्या आत संपले. तिथला कायमचा परवाना (पीआर) घेऊन अमेरिकेत बसता येईल असं समजू नये. पाच वर्षांत ७३० दिवस तिथं राहावं लागतं. जर्मनीत ब्लू कार्डावर २७ महिन्यांत, आणि बी-१ पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून विसरलेले कितीतरी अभियंते आज डॅलसमध्ये तारीख पुढं सरकायची वाट बघताहेत.

भारतात परतलेल्यांचीही तारीख मरत नाही. मंजूर आय-१४० आणि नोकरीची खरी ऑफर असेल तर नंबर आल्यावर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत देऊन ग्रीन कार्डावरच जाता येतं. मधल्या काळात एच-१बी वर पुन्हा जाऊन येऊ, हा बेत मात्र महागला आहे. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनं अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर कंपनीला १ लाख डॉलर भरायला लावले. कुठूनही अर्ज केला तरी शेवटी कागद लागतात ते आपल्या गावचे. जन्माच्या जुन्या नोंदीत अनेकदा मुलाचं नावच नसतं, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव. बायकांची पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. शाळा सोडल्याचा दाखला तिसरंच स्पेलिंग दाखवतो. नगरपालिकेत नाव चढवून घ्यायला किंवा ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला काढायला महिनोन्‌महिने जातात. नोंद नसली तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. आय-१४० मंजूर झाला की पुढच्या सुटीत आईवडिलांना आणि एखाद्या थोरल्या काका-मामाला तहसील कचेरीत घेऊन जावं आणि ती करून ठेवावीत. तारीख यायला अजून दहा वर्षं असली तरी.